महानंदा दाल मिलचा आउटबॉक्स

विभूतीत बुडवलेली तीन बोटं.

सहावीतल्या एका मुलीच्या दोन वेण्या. आजीने घातलेल्या. एक वर, एक खाली.

कंसात उभा असलेला एक आकडा.

"आमच्यात चाँद दिसला की खुशी, आप्पा. तुमच्यात दिसला न्हाई की दुकान बंद!"

नांदेडच्या गाडीतली खिडकीजवळची जागा.

टक, टक.

विषय: अनुभवाचा दाखला. स्थिती: जायचं आहे.

मित्रांनो, हे तुकडे विस्कळीत वाटतील. माझ्याकडे सगळं असंच येतं. कुणाचं अर्धं वाक्य, कुणाची सही, कुणाचा नमस्कार. ते क्षणभर टेकतं आणि निघून जातं. नीट जुळवून सांगायची मला सवय नाही, कारण जवळ काही ठेवून घ्यायचीच सवय नाही. पण या एका गोष्टीचे सगळे तुकडे माझ्याकडे राहिले आहेत. ते आज जुळवतो.

मी लातूरच्या महानंदा दाल मिलमधला आउटबॉक्स आहे. आउटबॉक्स म्हणजे जाणाऱ्या टपालाचा कप्पा. संगणकातला ई-मेलचा प्रोग्रॅम उघडलात की डाव्या हाताला आमची रांग दिसते. सगळ्यात वर इनबॉक्स. तो स्वतःला घरातला थोरला समजतो, कारण सगळे त्याच्याकडे आधी बघतात. खाली मसुद्यांचा कप्पा. त्याच्याकडे अर्धवट पत्रं वर्षानुवर्षं लोळत असतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. एक पाठवलेल्यांचा, तो भरलेला आणि समाधानी. एक कचऱ्याचा, त्याच्याविषयी काय बोलायचं. आणि मधे मी.

माझा जन्म उलटा आहे. कपाट भरलं की कपाटाला मान. पोतं भरलं की पोत्याला मान. मी मात्र रिकामा असलो तरच माझी अब्रू. पत्र आलं, टेकलं, गेलं, म्हणजे मी चांगला. एखादं राहिलं की माझं नाव जाड अक्षरांत दिसू लागतं आणि त्याच्यापुढे कंसात आकडा उभा राहतो. लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या शर्टावर वरण सांडावं आणि तसंच उभं राहावं लागावं, तसं मला होतं.

मला इथे एका सीडीच्या चकतीवरून उतरवलं गेलं. मिलचे मालक पंचाक्षरी आप्पा तेव्हा काळ्या मिशांचे होते. पहिलं पत्र गेलं त्या दिवशी त्यांनी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, चार आडत्यांना बोलावून चहा पाजला होता. पत्र इंदूरला एका व्यापाऱ्याकडे गेलं. तिकडून पोचल्याचा फोन आला तेव्हा एक आडते म्हणाले, "आप्पा, गाडी निघायच्या आधी कागद पोचला की हो!" आप्पांनी संगणकावर हात ठेवला. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. माझं कौतुक मी तेवढंच ऐकलं, पण ते पुरलं मला.

नंतर मशीन बदललं, पडदा चपटा झाला. आम्हाला दर वेळी जुन्या घरातून नव्या घरात भांडी हलवावीत तसं हलवलं. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. भाव फोनवर, बिलं फोनवर, डाळीचे फोटो फोनवर. माझ्याकडे फक्त ठेवणीतली कामं राहिली. लेटरहेडवरची, शिक्क्याची, सरकारी. दिवस दिवस कुणी आमच्याकडे फिरकायचं नाही. पडद्यावर डाळीचा भुगा साचायचा.

फिरकायच्या त्या मुबश्शिराबाई.

मिलचं सगळं ऑफिसकाम त्या एकट्या बघायच्या. मूळच्या बिलोलीच्या, दिल्या नांदेडला. नवरा मोहियोद्दीन तिथे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मुलगी सहावीत, ती बापाजवळ आणि आजीजवळ नांदेडला. बाई लातूरला एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी संध्याकाळी नांदेडची गाडी धरायच्या. सासूबाईंची, म्हणजे बेगमबींची, नजर अधू होत चालली होती. मुलीच्या वेण्या त्या हाताच्या अंदाजाने घालायच्या. त्या वेण्यांचा फोटो बाईंनी पडद्याच्या कडेला अडकवून ठेवला होता. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसू नका. माझ्या सासूची इंजिनीअरिंग हाय ती."

जिभेला धार होती त्यांच्या. हमालापासून मालकापर्यंत कुणालाही सोडायच्या नाहीत. आप्पा त्यांना चारचौघांत 'बाई' म्हणत आणि एरवी 'माय'.

आता अमावस्येचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे.

अमावस्येला मोंढा बंद असतो. आमच्या मिलमध्ये त्या दिवशी यंत्रांना तेलपाणी होतं, डाळ चाळायच्या जाळ्या झाडल्या जातात. ऑफिस उघडं असतं, लिहायचं काम चालतं, पण उंबऱ्याबाहेर काही जात नाही. एक दाणा नाही. मी नवीन असताना प्रश्न पडला होता की मेलचं काय करायचं. आप्पांचा मुलगा वीरेश म्हणाला होता, "मेल म्हंजे काय माल हाय का आप्पा?"

"कागद गेला म्हंजे माल गेला," आप्पा म्हणाले. विषय संपला.

पुढे बाई कामाला आल्या त्या सुमारास कुणीतरी आमच्या प्रोग्रॅममधलं एक बटण दाखवलं. 'ऑफलाइन काम करा.' ते दाबलं की आमचं दार बंद. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. पत्र लिहून पाठवलं तरी ते माझ्याकडे येऊन बसतं. तेच बटण पुन्हा दाबलं की दार उघडं. आप्पांना हे फार आवडलं. अमावस्येच्या सकाळी बाई दार बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, म्हणजे दर महिन्याच्या प्रतिपदेला, आप्पा अंघोळ करून, इष्टलिंगाची पूजा उरकून यायचे. तीन बोटांनी संगणकाच्या डब्यावर विभूती ओढायचे, की-बोर्डवर बेलाचं पान ठेवायचे आणि स्वतःच्या हाताने ते बटण दाबायचे. पाडव्याची बोहणी. त्याआधी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बटणावर कुणाचं बोट पडतं ते मला कळत नाही. मला फक्त दार कळतं. पाडव्याला दार उघडायचं आणि लगेच मिटायचं. मग जरा वेळाने पुन्हा उघडायचं आणि उघडं राहायचं. वर्षानुवर्षं असंच. मला वाटायचं, हाही पूजेचाच भाग असेल.

गेल्या वर्षी बाईंनी नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात अर्ज केला. त्यांची निवड जवळजवळ झाली. कागदपत्रं तपासायला बोलावणं आलं आणि त्यात एक अट होती. अनुभवाचा दाखला आधीच्या मालकाने, त्याच्या लेटरहेडवर असलेल्या ई-मेलवरूनच पाठवायचा. उमेदवाराने आणलेला चालणार नाही. तपासणीच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आला नाही तर पुढच्या उमेदवाराला बोलावणार.

बोलावणं हातात पडलं तेव्हा मधे एकच दिवस होता, आणि तो अमावस्येचा.

बाईंनी दाखला टाइप केला. आप्पांनी चष्मा पुसून सही केली, शिक्का मारला. बाईंनी तो स्कॅन करून पत्राला जोडला.

"आप्पा, आज पाठवू देता का?" त्यांनी विचारलं. "एक दिवस तुमचा चाँद माफ करंल की."

आप्पा हसले नाहीत. "माय, तुझ्या पोरीजवळ जायचं काम हाय हे. अमावस्येला कशाला काढती? लिहून ठेव. पाडव्याचं पहिलं टपाल तुझं. माझ्या हातानं जाईल."

बाईंनी मान हलवली आणि 'पाठवा' दाबलं. पत्र माझ्याकडे येऊन बसलं. माझं नाव जाड झालं, कंसात एक. पण त्या दिवशी मला लाज वाटली नाही. अमावस्येला तसं असतंच. बाईंनी वेण्यांचा फोटो काढून पर्समध्ये ठेवला. "उद्या तिथं बसल्या बसल्या बघीन," असं म्हणाल्या आणि खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून वेळेआधीच संध्याकाळच्या गाडीला गेल्या.

पाडव्याला आप्पा आले. विभूती ओढली, बेल ठेवला. जरा जास्तच वेळ उभे राहिले.

टक, टक.

दार उघडलं. मिटलं.

मी वाट बघितली. आता उघडेल. पंखा फिरत होता. मिलमधून जाळ्यांचा आवाज यायला लागला. आता उघडेल. हमालांचा चहा आला आणि गेला. पत्र माझ्या मांडीवर तसंच. कंसात एक.

मित्रांनो, त्या दिवसाची लाज मला कशी सांगावी कळत नाही. इतर वेळी माझ्यात राहिलेली पत्रं भावाची असायची, पोत्यांची असायची. हे एका आईला घरी नेणारं पत्र होतं, आणि मी ते धरून बसलो होतो. मला सोडायचं नव्हतं असं कुणालाही वाटलं असतं.

दुपारी फोन आला. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो. अख्खं ऑफिस ऐकतं.

"आप्पा, दाखला आला न्हाई म्हणून राहिले हे लोक."

"गेला की बाई! सकाळीच बोहणी केली. माझ्या हातानं."

"यांनी दोनदा बघितलं, आप्पा."

"गेला म्हणतो ना मी."

मग फक्त, "बरं आप्पा." ज्या बाईची जीभ मालकालाही सोडत नव्हती, तिने एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

वीरेशने येऊन पडद्यावर बघितलं. "आप्पा, गेलं न्हाई. हे बघा, आउटबॉक्समधी एक पडलंय." त्याने बोट माझ्यावर ठेवलं. मी भुगा होऊन पडद्यावरून पडून जावं असं मला वाटलं.

त्याने दोन-तीनदा 'पाठवा' दाबून बघितलं. मग स्वतःच्या फोनवरून दाखला पाठवला. तिकडून उत्तर आलं, हा पत्ता लेटरहेडवरचा नाही, चालणार नाही. मग त्याने औसा रोडवरच्या बसवराजला बोलावलं. बसवराज म्हणजे आमच्या डब्याचा दुरुस्तीवाला. स्क्रू ड्रायव्हर खिशाला लावून हिंडतो.

आल्या आल्या त्याने डबा पालथा केला. "आप्पा, किती भुगा हाय ह्यात! अर्धा किलो डाळ निघंल."

"थट्टा नको करू. पाचच्या आत गेलं पाहिजे."

"जाईल की."

केबल काढली, फुंकली, लावली. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. इंटरनेट ठीक होतं, त्यावर गाणंसुद्धा वाजवून दाखवलं. अँटिव्हायरस फिरवला. मग म्हणाला, "मेलचा पासवर्ड काय?"

आप्पांनी वीरेशकडे बघितलं. वीरेशने आप्पांकडे. "ते मशीनलाच माहीत हाय," आप्पा म्हणाले.

"मशीन थोडंच सांगतंय मला! बरं, फाईल रिपेअर मारतो."

एक पट्टी पडद्यावर सरकत राहिली. आमच्या सगळ्या कप्प्यांना कुणीतरी चाळणीत घालून हलवत असल्यासारखं झालं. थोरला इनबॉक्ससुद्धा घाबरला. पट्टी संपली. सगळं जिथल्या तिथं. कंसात एक.

तुम्ही म्हणाल, दार बंद आहे हे त्याला दिसलं कसं नाही? दिसायला पाहिजे होतं. पडद्याच्या खालच्या कडेला आमचा प्रोग्रॅम बारीक अक्षरांत लिहितो, 'ऑफलाइन'. पण त्या कडेवर आप्पांनी 'ॐ नमः शिवाय'ची रुंद पट्टी चिकटवली होती. माझी ओळ तिच्याखाली होती. देवाच्या नावाची पट्टी कोण उचलून बघणार?

"मालक, मी सांगतो," बसवराज वीरेशला म्हणाला. "हे आउटबॉक्समधलं मेल अडकलंय. ते काढून टाकतो, अकाउंट पुसतो, नवं बसवतो. मोकळं व्हईल."

"पुस मग."

"आणि पासवर्ड?" आप्पांनी विचारलं.

"तो लागंल नव्यानं टाकायला."

"म्हंजे आज पुसायचं आणि आज बसायचं न्हाई."

"आज न्हाई. उद्या कंपनीला फोन लावू."

"मग हात लावू नको," आप्पा म्हणाले. मोठ्याने नाही, पण बसवराजने माउस सोडला. दुसऱ्या गिऱ्हाईकाचा फोन वाजत होता, तो ऐकत ऐकत निघून गेला.

वीरेशने हात झटकले. "न्हाई गेलं तर न्हाई गेलं, आप्पा. आपण केली की कोशिश. आणि खरं सांगू का, बरंच झालं. बाई राहतील. असं माणूस कुठून आणायचं?"

चार वाजून गेले होते; वीरेश राहिलेलं जेवण उरकायला गेला.

ऑफिसात आप्पा एकटे राहिले. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. इतकी वर्षं ते पडद्यासमोर उभे राहून बोहणी करायचे, बसले कधी नव्हते. त्यांनी चष्मा वर केला आणि माझं नाव वाचलं. कंसातला आकडा वाचला. मग फोन लावला.

"माय."

"बोला आप्पा." तोच सपाट आवाज.

"मी मुद्दाम केलं न्हाई."

आप्पांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"पण तुला खोटं सांगत न्हाई. सकाळी विभूती लावताना मनात आलं होतं. ही गेली तर आपलं कसं व्हावं. न गेली तर बरं. देवासमोर उभा राहून आलं मनात. मग बटन दाबलं. आता वीरेशनं तेच तोंडानं म्हटलं आणि मला..." आप्पा थांबले. "तुझं पत्र गेलं न्हाई. माझ्याच मनातलं आडवं आलं की काय, असं वाटून राहिलंय."

पलीकडून कॉलेजच्या व्हरांड्यातला आवाज येत होता. कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं.

"आप्पा, मला वाटलं तुम्हीच रोखलं," बाई म्हणाल्या. "मी सकाळपासून तुम्हाला मनात लई बोलले. लई वाईट बोलले." मग आवाज बदलला. "तिथं कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"स्पीकर बंद करा."

"तो बंद होत न्हाई माय, तुला माहीत हाय. पण खरंच कुणी न्हाई."

"सकाळी बटन कसं दाबलं?"

"कसं म्हंजे? नेहमीसारखं."

"म्हंजे?"

"टक, टक. संगणकाला दोनदाच दाबायचं असतं ना? फाईल उघडताना दाबतो तसं."

पलीकडे बाईंनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. "या अल्ला," त्या पुटपुटल्या. "ते मीच विसरले. माझ्या हाताला इतकी सवय झाली होती की ध्यानातच आलं न्हाई."

"काय?"

"आप्पा, ते बटन एकदाच दाबायचं असतं. एकदा दाबलं की उघडतं. दुसऱ्यांदा दाबलं की बंद व्हतं."

आप्पांनी बटणाकडे बघितलं. मग हळूहळू, जाळीतून डाळ गळावी तसा एकेक शब्द बाहेर आला. "मग इतकी वर्षं कसं उघडत होतं?"

पलीकडे पर्सची चेन उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

"माय, बोल."

"तुम्ही पूजा करून गेलात की मी उघडत होते. तुमचं बेलाचं पान उचलायच्या निमित्तानं. एकदा दाबत होते."

"दर पाडव्याला?"

"हाव."

"मला सांगितलं का न्हाई?"

"पहिल्यांदा सांगणार होते. पण तुम्ही आडत्यांना घेऊन आला होता, बोहणी दाखवायला. त्यांच्यासमोर कसं सांगू? मग पुढच्या पाडव्याला वाटलं, मागच्या वेळी सांगितलं न्हाई, आता कसं सांगू. मग तसंच राहिलं."

आप्पांनी मान खाली घातली. मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही, पण त्यांचे हात की-बोर्डवर टेकले होते. उगीच दोन-चार अक्षरं उमटली. शेजारच्या मसुद्यांनी ती मुकाट्याने ठेवून घेतली.

"म्हंजे माझी बोहणी तूच करत होतीस."

"दोघं मिळून करत होतो, आप्पा. तुम्ही उघडून बंद करत होता, मी उघडत होते." त्या हसायला गेल्या, पण ते हसणं नीट निघालं नाही. "आता रडू नका. पाच वाजायला आलेत. बटन दाबा."

आप्पांनी माउस धरला.

टक, टक.

दार उघडलं. मिटलं.

"ऐकू आलं मला," बाई म्हणाल्या. "दोनदा टक झालं. उघडलं आणि बंद झालं. पुन्हा. एकदाच."

"हातच ऐकत न्हाई गं."

"हातावर दुसरा हात धरा. दाबलं की लगेच उचला, आणि खुर्ची मागं घ्या. संगणकापासून लांब."

आप्पांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

टक.

मग खुर्चीची चाकं मागे वाजली. आप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घातले, मास्तरांनी गप्प बसवलेल्या पोरासारखे. आणि दार उघडं राहिलं.

मित्रांनो, पत्र सुटताना मला नेहमी काही जाणवत नाही. त्या दिवशी जाणवलं. ते आधी थोडं अडखळलं, दाखला जड होता. मग निघालं. नमस्कार आधी, मग मजकूर, मग शिक्का, मग आप्पांची सही. माझं नाव बारीक झालं. आकडा गेला.

"माय, इथनं तर गेलं दिसतंय," आप्पा कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर परत येईल.

फोनवर पावलं, कुणाशी तरी बोलणं, एक खुर्ची सरकलेली. मग बाईंचा आवाज, फुटलेला. "आ गया, आप्पा. आ गया. छापून घेतला त्यांनी."

वीरेश जेवून परतला तेव्हा आप्पा अजून तसेच बसले होते. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. दाराशी उभे असलेले दोन हमालही ऐकत होते, तरी सांगितलं. वीरेश हसू दाबत म्हणाला, "म्हंजे बसवराजनं अख्खा डबा खोलला, आणि चूक डबल क्लिकची!"

"हस," आप्पा म्हणाले. "माझ्या बोटाला हस. पण दुपारी तू जे म्हणालास ते मी सकाळी देवासमोर मनात म्हणालो होतो. त्याला हस आता."

वीरेश हसला नाही.

बाईंना ती जागा मिळाली. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा आप्पांनी त्यांना चारचौघांत पहिल्यांदा 'माय' म्हटलं. बाई म्हणाल्या, "आता मुलीच्या वेण्या मी घालते. पण तिला आता आजीच्याच आवडतात. म्हणून मी एक घालते, एक सासू घालते. वर्गात पोरं हसतात." सगळे हसले, आणि सगळ्यांना हसवून त्या निघून गेल्या.

त्यांच्या जागी आता श्रीशैल नावाचा एक तरुण आहे. चांगला आहे, पण तो सगळं फोनवर करतो. हे मशीन जुनं झालंय, नवा प्रोग्रॅम टाकू, असं त्याने दोनदा म्हटलंय. टाकतील. तेव्हा मला हलवतील की पुसतील, मला माहीत नाही. मी आता बहुतेक रिकामा असतो. ही माझी अब्रू आहे असं मी मघाशी म्हटलं. हल्ली त्या रिकामेपणाचीही थोडी लाज वाटते. कारण रिकामा मी माझ्यामुळे कधीच नव्हतो. कुणीतरी पानाच्या निमित्ताने येऊन मला रिकामं करत होतं, आणि ते श्रेय मी आणि आप्पा दोघंही इतकी वर्षं मिरवत होतो.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. पत्र पाठवलं की उठून जाऊ नका. एकदा डावीकडे माझ्याकडे बघा. कंसात काही आहे का बघा. आणि तुमच्या घरात, दुकानात, शाळेत एखादं काम तुमच्या हातून फार सहज होत असेल, तर तुमच्या पाठीमागून कोण येऊन जातं तेही बघा. ते माणूस तिथे असतानाच बघा. ते गेल्यावर कळलं, तर त्याचे आभार मानायला जी मान वर करावी लागते, ती वर होत नाही.

मुबश्शिराबाई मिलमध्ये कामाला आल्या, त्या पहिल्या सकाळी त्यांना संगणक सुरू करता येत नव्हता. येतो असं सांगून त्यांनी नोकरी धरली होती. आप्पांनी तो सुरू करून दिला आणि कुणाला सांगितलं नाही.